हितं बसतं कोन?

शरू, आधी हातातलं काम ठेव आणि अशी जवळ येऊन बस. कागदावर का असेना, आत्या बोलतेय. रिक्षात एक डोळा रस्त्यावर ठेवून वाचायचं नाही. आणि मी रागावणार आहे, हेही आधीच सांगून ठेवते. परवा फोनवर काय म्हणालीस? "आत्या, मेमध्ये केळशीला नको गं, फार उकडतं. तू एसी बसवून घे, मग बघ कशी आठ-आठ दिवस येऊन राहते!" वर ठाण्याच्या घरात दुसरा एसी घेतल्याची बातमीही दिलीस. तो अठरावर लावून तू अंगावर गोधडी घेतेस, हे मला तुझ्या आईकडून कळलं. अगं, थंडी विकत आणायची आणि मग तिच्यापासून लपायला गोधडीत शिरायचं, ह्याला काय म्हणावं?

आणखी एक. गेल्या खेपेला दोन दिवसांसाठी आली होतीस, तेव्हा माजघरातला पंखा तसाच फिरता ठेवून समुद्रावर निघून गेलीस. मी मुकाट्यानं बटण बंद केलं. तुला बोलले नाही, ते पाहुणी म्हणून नव्हे. बोलायला तोंड उघडलं असतं तर दिनूभाऊंचं नाव निघालं असतं, आणि त्यांना जाऊन तेव्हा पंधराच दिवस झाले होते. माझ्याच्यानं ते झालं नसतं. आता होईल असं वाटतंय.

दिनूभाऊ तुला आठवतील. लहानपणी तू त्यांना "वर बघणारे काका" म्हणायचीस. बुटकेसे, काळेसावळे, खाकी अर्धी चड्डी, खिशाला टेस्टर, खांद्याला कॅनव्हासची पिशवी आणि हातात बांबूची लांब काठी. काठीच्या टोकाला हातभर पांढरं सूत बांधलेलं. माणूस दारात आला की आधी "बरं हाय ना?" विचारतो, ह्यांची नजर आधी छताकडे. वर पंखा कसा फिरतोय, पाती डुलतायत की सरळ आहेत, त्यांवर किती धूळ बसलीय, हे सगळं बघून झालं की मग खाली उभ्या असलेल्या माणसाकडे बघायचे. त्यापायी आमच्या वाडीतल्या प्रत्येक उंबऱ्याला त्यांचा अंगठा ठेचलेला होता. त्यांची बायको, आमच्या सुमनवहिनी, म्हणायच्या, "माझं तोंड ह्यांनी लग्नात एकदा बघितलं असेल तेवढंच. पुढे सगळा जन्म छपरं बघण्यात गेला."

मूळचे ते दाभोळचे. तरुणपणी बोटीवर विजेच्या कामाला होते. वहिनींची आई एकटी, म्हणून वहिनी लग्नानंतरही केळशीतच राहिल्या, आणि पुढे भाऊही बोट सोडून सासरवाडीला येऊन राहिले. त्याबद्दल लोक मागे काय बोलायचे ते त्यांना ठाऊक होतं. "घरजावई हाय मी," असं स्वतःच आधी सांगून मोकळे व्हायचे. मग दुसऱ्याला बोलायला काही उरायचं नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी पंखे दुरुस्तीचं काम सुरू केलं. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजत भरायची. वेढे मोजताना देव जरी दारात आला तरी बोलायचे नाहीत. केळशीतले निम्मे पंखे त्यांच्या हातून एकदा तरी उघडून पुन्हा बंद झालेले होते. रस्त्यानं जाता जाता नुसत्या आवाजावरून सांगायचे, "ह्याचं बेअरिंग सुकलंय," "ह्याचा कंडेन्सर मेलाय." आणि ते खरं निघायचं.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते पंखा हळू फिरतो म्हणून. माजघराच्या बरोबर मधोमध, तुळईला तो टांगलेला. त्यांनी वर बघितलं, मग खाली बघितलं, आणि मला विचारलं, "ताई, हितं बसतं कोन?"

मी म्हटलं, "इथे कुठे कोण बसतंय? ही जायची-यायची वाट."

"मंग वाऱ्याला कशाला जा-ये करायला लावलाय?"

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. "तुमी कुठं बसता?" मी खिडकीपाशी बसते, तिथेच विळी, तिथेच मेमध्ये कोकमं करायला आणलेल्या रातांब्यांची टोपली. त्यांनी मला तिथे बसवलं. काठीचं सूत माझ्या नाकासमोर धरलं. पंखा पाचावर, आणि सूत असं लोंबतंय, जसं काही देवळातल्या घंटेचा दोर. "नाकापुढं सूत हललं पायजे," म्हणाले. "पंखा खोलीला नाय लावायचा, मान्साला लावायचा."

कंडेन्सर बदलला, पातं न् पातं पुसलं. पुसायची त्यांची रीत मी अजून पाळते: उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवायचा आणि ओढून घ्यायचा, म्हणजे धूळ अभ्र्यात राहते, डोक्यावर पडत नाही. मग नवा आकडा ठोकून पंखा खिडकीकडे सरकवला. आमचं कौलारू छप्पर उंच. पूर्वी पंखा वर कुठेतरी, आढ्याशी गप्पा मारत फिरायचा. त्यांनी लांब दांडा घातला. मोजमाप काय, तर घरातला सगळ्यात उंच माणूस उभा करायचा, हात वर करायला लावायचा आणि बोटांच्या वर एक वीत. तुझ्या काकांना, म्हणजे आमच्या ह्यांना, हात वर करून उभं केलं होतं, तेव्हा ते म्हणाले, "दिनूभाऊ, मी काय गुन्हा केलाय?" भाऊ म्हणाले, "उंच जल्मलात हाच."

त्यानंतर मी तिथे बसून रातांबे फोडले, तेव्हा मानेवरून घाम ओघळला नाही. पंखा तोच होता गं. जागा बदलली होती, एवढंच.

आता ह्या मधोमध प्रकरणाचं मूळ सांगते. आपल्याकडच्या जुन्या घरांत माजघराच्या तुळईला मधोमध लोखंडी कडं असतं, पाळण्याचं. वीज आली, पंखे आले, तेव्हा सगळ्यांनी आयतं कडं बघितलं आणि त्यालाच पंखा टांगला. वर्षानुवर्षं कोणाला वाटलं नाही की पाळणा जिथे पाहिजे तिथेच पंखाही पाहिजे असं काही नाही. आणि घरात बाळ झालं की काय? पंखा उतरवायचा, पाळणा टांगायचा!

खालच्या आळीतली रेवती बाळंतपणाला माहेरी आली होती. वैशाख महिना. बारसं दोन दिवसांवर, म्हणून तिच्या आजीनं दिनूभाऊंना पंखा उतरवायला बोलावलं. मी गूळ पोचवायला गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखतचं. भाऊंनी शिडी लावलीच नाही. खाली उभे राहून विचारलं, "हितं निजतं कोन?"

"पाळण्यात बाळ," आजी म्हणाली.

"नि बाळाची आई?"

"ती त्या कोपऱ्यात. शेगडीपाशी."

"तिला वारा?"

"बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नसतो, एवढं कळत नाही तुला? बोटीवर होतास ना!"

"व्हय, बोटीवर व्हतो. इंजिनाच्या खोलीत. तिथं बी शेगडीच व्हती, पन तिथं तीन पंखे व्हते."

कोपऱ्यात रेवतीचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता. भाऊंनी आजीशी वाद घातला नाही. "तोंडावर वारा नको ना? नको. डोक्यावर नको ना? नको." असं एकेक कबूल करत गेले आणि शेवटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या पायांकडे नवा आकडा ठोकला. पंखा दोनावर. समोरासमोरच्या खिडक्या उघडायला लावल्या. एका खिडकीतून आत, दुसरीतून बाहेर. सूत धरून दाखवलं, बाळंतिणीच्या तोंडापुढे ते हलत नव्हतं, पायांशी जरासं थरथरत होतं. चार दिवसांनी मी गेले तर रेवती होती आपल्या जागी, आणि तिच्या पायांशी पंख्याखाली चटई टाकून आजी स्वतः घोरत होती.

रागवायचे ते फक्त एका गोष्टीवर. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की त्यांच्या कपाळाची शीर ताठायची. कोणाच्याही घरात, न विचारता, चालत जाऊन बटण बंद करायचे. आमच्या गुरुजींकडे, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, त्यांच्याकडे ह्यावरून चांगलीच जुंपली. गुरुजींचं म्हणणं, पंखे चालू राहिले की घर थंड राहतं. चार खोल्या, चार पंखे, आणि माणसं दोन, तीही ओटीवर. भाऊंनी वाद सोडला, घरी गेले आणि बोटीवरून आणलेला पितळी चौकटीतला थर्मामीटर घेऊन आले. आतल्या रिकाम्या खोलीत खुंटीला अडकवला.

"गुरुजी, पंखा बंद हाय. काय दिसतं?"

"तेहतीस."

"आता लावा पाचावर. दार लोटा. चा येऊ द्या."

चहा झाला, भाऊंनी दुसरा अर्धा कपही मागून घेतला. मग सगळे आत गेलो.

"आता?"

गुरुजींनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "तेहतीस."

"कसा हलंल? पाऱ्याला घाम येत नाय." मग गुरुजींचा हात तांब्यातल्या पाण्यानं ओला करून पंख्याखाली धरायला लावला. "गार लागतं? का? हात वला हाय म्हनून. वारा घाम सुकवतो, म्हनून मान्सं गार व्हतात. खोली नाय व्हत. भिताडाला घाम येतो? कपाटाला येतो? मंग त्यांना पंखा कशाला?"

गुरुजी एकदम ओरडले, "बाष्पीभवन! अरे, हे तर मी मुलांना शिकवलंय!"

"मंग घरी बी शिकवा," भाऊ म्हणाले आणि जाताना चारही बटणं बंद करून गेले. आणि भिंतीवरचा तो जुना जाडजूड रेग्युलेटर, त्यावर गुरुजींच्या बायकोचा हात ठेववला. तिनं चटकन मागे घेतला. "बगा. पंखा हळू व्हावा म्हनून ही पेटी वीज खाते नि तापते. ह्याच्यावर भाकरी भाजाल. नवा छोटा बसवा, तो तापत नाय."

तुला वाटेल, एसीशी त्यांचं वैर होतं. मुळीच नाही. त्यांनी तुलाच सांगितलं होतं, आठव. तू कॉलेजात असताना एसीची फुशारकी मारत होतीस तेव्हा. "पोरी, सव्वीस-सत्तावीसवर ठेव नि पंखा दोनावर लाव. दोघं मिळून काम करतील. एकट्यालाच कशाला राबवतेस?" तू हसलीस. आणि अजून अठरावर लावतेस.

"हितं बसतं कोन?" हे त्यांचं पालुपद आलं कुठून, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ते सुमनवहिनींनी सांगितलं. आम्ही दोघी त्यांच्या मागल्या पडवीत रातांबे फोडत बसलो होतो, बोटं लालभडक झालेली. वहिनी म्हणजे अगदी हळू बोलणारी बाई. गावात चारचौघीत त्यांचा आवाज ऐकू यायचा नाही.

"गो ताई, ह्यांनी बोटीवरनं पहिला पंखा आणला ना, तेव्हा वाडीत कोणाकडे नव्हता," त्या सांगत होत्या. "ओटीवर लावला. लोक बघायला यायचे, मी चहा करायची. रोज दहा-बारा कप. स्वैपाकघरात चूल, वरनं पत्रा. बारा वर्षं तो पंखा ओटीवर फिरला. हे सुट्टीवर यायचे, त्याच्याखाली झोपायचे, जायचे. एकदा निघताना विचारलं ह्यांनी, 'काय गं, पंखा बरा चाललाय ना?' तर मी म्हटलं, 'असेल. मला त्याचा वारा ऐकू येतो.'"

"मग?"

"मग काय. चढवलेले बूट काढले. आणि ज्या बोटीवर जायचं होतं ती चुकवली." वहिनींनी पुढचा रातांबा फोडला. "पंखा ओटीवरनं काढला नि माझ्या स्वैपाकघरात लावला. चूल विझायला लागली, तर पंखा मागे सरकवला, मी विळीवर बसते तिथे. सासूबाई दाभोळहून आल्या होत्या, त्यांनी कपाळाला हात लावला. चुलीशी पंखा! बायकोला पंखा, नि पाहुणे घामात!"

त्यानंतर दिनूभाऊ कोणाच्याही घरी पंखा लावायला गेले तरी आधी स्वैपाकघरात डोकावायचे. बायका लाजायच्या, पुरुष म्हणायचे, "तिकडे कशाला? गॅस विझेल." ते म्हणायचे, "घरात सगळ्यात जास्त उकडतं कुनाला, ते सांगा. तिथनं सुरवात." कितीक घरांतल्या बायकांना चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यावर वारा मिळाला तो ह्या माणसामुळे. कोणी आभार मानले नाहीत. कोणाला सुचलंच नाही.

आणि मग वहिनी आजारी पडल्या.

हृदय दमलं होतं त्यांचं. पायांना सूज, चार पावलं चालल्या की धाप. दापोलीच्या डॉक्टरांनी बजावलं की ह्यांना उकाडा सोसायचा नाही, जपा. मुलगा मंगेश डोंबिवलीला असतो. तो लगेच आला. "बाबा, आईला घेऊन जातो. घरात एसी आहे. इथे मेमध्ये ठेवलीत तर काही खरं नाही." मुलगा चांगला आहे, त्याचं चुकत नव्हतं. पण वहिनींनी भाऊंचा हात धरला, सगळ्यांसमोर, आणि म्हणाल्या, "मला माझ्या खोलीतनं हलवू नका हो." एवढंच. ह्या बाईनं उभ्या जन्मात नवऱ्याकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

भाऊ मंगेशला म्हणाले, "पंधरा दिवस दे. खोली नीट करतो. नाय जमली तर घेऊन जा."

एसी त्या घरात चालण्यातला नव्हता. कौलांच्या फटींतून गारवा उडून जाणार, आणि आपल्याकडे वैशाखात लाइट एकदा गेली की चार-पाच तास येत नाही. लाइट गेली की एसी म्हणजे भिंतीवरचा डबा. इन्व्हर्टरवर चालणार तो पंखा. दिनूभाऊंनी बॅटरी आणली, आणि स्वतःच्या हातानं भरलेला, सगळ्यात चांगला पंखा वहिनींच्या खाटेवर लावला. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा, समोरची बंद पडलेली खिडकी फोडून मोकळी केली. मी रोज दुपारी वहिनींजवळ बसायला जायची. अकराला लाइट जायची. पंखा छान फिरायचा, बारा, एक, दोन. आणि अडीच वाजले, नेमका उकाडा माथ्यावर आला, की बॅटरी मान टाकायची. पाती हळू हळू हळू, आणि थांबायची. वहिनींचा श्वास वर चढायचा. मी आणि भाऊ आळीपाळीनं सुपानं वारा घालायचो. भाऊंचे डोळे पंख्यावर, जसं काही तो त्यांच्याशी बेइमान झालाय.

त्यांनी तो पंखा तीनदा उतरवला. तीनदा मोटर उघडली, वेढे पुन्हा मोजून भरले, बेअरिंग बदललं. अडीचचे पावणेतीन झाले. ह्याच्या पुढे ते जाईना. पंधरातले अकरा दिवस संपले.

आता इथे तुला एक सांगायला हवं. ते नवे पंखे आलेत ना, रिमोटवाले, कमी वीज खाणारे, त्यांची भाऊ फार टिंगल करायचे. "रिमोट उशीखाली गेला की पंखा वनवासात!" म्हणायचे. "आत तांबं नाय, सर्किट हाय. बिघडला तर मी काय करनार, ओवाळनार?" खरी गोष्ट ती होती. त्या पंख्यांत भरण्यासारखं त्यांच्या हाताला काही नव्हतं. ते पंखे आले की त्यांची ती पुढली खोली, ते वेढे मोजणं, सगळं संपणार, हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं.

बाराव्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते दापोलीला गेले. दुपारी परत आले ते मांडीवर खोकं घेऊन. कंडक्टरनं वर टाका म्हटलं तरी टाकलं नाही म्हणे. लाइट गेलेलीच होती. माझ्यासमोर त्यांनी खोकं उघडलं, पंखा हातात तोलला. "हलका," एवढंच म्हणाले. मग शिडीवर चढून आपला पंखा उतरवला. त्याच्या मोटरवर त्यांनी खडूनं भरल्याची तारीख लिहिलेली असायची. ती अंगठ्यानं पुसली आणि पंखा पुढल्या खोलीत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवला. मी दुसरीकडे बघितलं.

नवा पंखा लावला. वहिनी डोळे मिटून पडलेल्या. पाती फिरायला लागली, पण आवाज म्हणून नाही. ते सूत त्यांनी वहिनींच्या नाकासमोर धरलं. चांगलं हललं.

"सुमन, वारा येतो?"

वहिनींनी डोळे उघडून वर बघितलं. "चालू आहे?"

"व्हय."

"ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "पण येतो हो."

भाऊ खाटेच्या कडेवर बसले आणि त्यांनी तोंडावरून पंचा फिरवला. घामच होता, असं मी तेव्हाही म्हटलं, आताही म्हणते.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजले. तीन वाजले. चार वाजता लाइट आली, तेव्हा पंखा तसाच फिरत होता. पंधराव्या दिवशी मंगेश गाडी घेऊन आला. आईची पिशवी भरायला सुरुवात करणार, तर भाऊ म्हणाले, "आधी बस हितं. दुपारभर." तो बसला. लाइट गेली. तो आईच्या पायांशी बसून घड्याळ बघत राहिला आणि मग घड्याळ बघायचं विसरला, बसल्या जागी झोपला. उठल्यावर आईला म्हणाला, "आई, मी आता जातो. आंबे दे दोन पेट्या." आणि एकटाच परत गेला.

त्यानंतर दिनूभाऊंनी जे केलं ते बघून लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. काठी घेऊन घरोघर जायचे आणि सांगायचे, "माझा पंखा उतरवा." ज्या खोलीत दिवसभर पंखा चालतो, जिथे म्हातारं माणूस आहे, आजारी आहे, तिथे नवा घ्या. जिथे तासभर चालतो तिथला जुना असू दे, उगाच टाकू नका. गुरुजी म्हणाले, "अरे दिनू, तुझाच धंदा बुडवतोयस की!" भाऊ म्हणाले, "धंदा माजा, उकाडा तुमचा." आणि वर बघत, उंबऱ्याला ठेच खात निघून गेले.

वहिनी आणखी दोन उन्हाळे त्या खोलीत राहिल्या. गेल्या त्या थंडीत, पहाटे, स्वतःच्या खाटेवर. उकाड्यानं नाही गेल्या. भाऊ हे प्रत्येकाला सांगायचे: "उकाड्यानं नाय."

शेवटचं त्यांना बघितलं ते ह्या वर्षी, होळी होऊन गेल्यावर. दुपारचे तीन वाजले असतील. मी वाळवलेल्या कैरीची आंबोशी घेऊन गेले होते. भाऊ पुढल्या खोलीत बसलेले, उघड्या अंगानं, पंच्यानं वारा घेत. डोक्यावरचा पंखा बंद. समोर एकही मोटर उघडलेली नाही, तारेची रिकामी रिळं तेवढी ओळीनं मांडलेली. मी म्हटलं, "हे काय भाऊ, पंखा लावा की." म्हणाले, "नको. बरं हाय." इकडचं तिकडचं बोललो. तू कधी येणार, ते त्यांनी विचारलं. तुझ्या खिडकीतल्या पंख्याखाली तू बसलीस का, हेही; त्या पंख्याचं पुढे सांगते. मग मी आंबोशी फडताळात ठेवायला आत गेले.

वहिनींच्या खोलीचं दार उघडं होतं. खाटेवर चादर सरळ, उशी जागेवर, पायांशी घडी घातलेलं लुगडं. आणि वर पंखा. फिरत होता. दोनावर, आवाज न करता. खिडकीशी वाळ्याचा पडदा ओला केलेला.

अगं, वीस वर्षं ह्या माणसानं आम्हाला सवय लावलेली. रिकामी खोली, फिरता पंखा. माझा हात आपसूक बटणाकडे गेला.

मागून ते म्हणाले, "ताई, असू दे."

मी वळून बघितलं नाही. हात खाली घेतला. "इथे बसतं कोण?" असं मी त्यांना विचारू शकले असते, साऱ्या गावाला त्यांनी विचारलं होतं. मी दार जरासं लोटलं, वारा बाहेर जाऊ नये एवढंच, आणि स्वैपाकघरात जाऊन चहा टाकला. आम्ही दोघांनी पुढल्या खोलीत, घामात बसून तो प्यायला.

महिन्याभरानं ते गेले. मंगेश आला, सगळं आवरलं, घर बंद केलं. कुलूप लावण्याआधी मुख्य बटण त्यानं मलाच बंद करायला सांगितलं. मी केलं. त्याबद्दल आज नको.

तर तुझी खिडकी. ओटीवरची, समुद्राकडची, जिथे तू लहानपणी पाय सोडून पुस्तक वाचायचीस, आणि अजूनही एरवी आलीस की तिथेच जाऊन बसतेस. गेल्या वर्षी दिनूभाऊ आपल्याकडे आले होते, तेव्हा त्यांनी ओटीवर उभं राहून त्यांचं ते नेहमीचं विचारलं होतं. मी म्हटलं होतं, "इथे शरू बसते." ते म्हणाले, "मंग तिच्यासाठी लावू." नवा आहे, आवाज करत नाही. उंची त्यांनी तुझ्या काकांना पुन्हा हात वर करायला लावून घेतली. गेल्या खेपेला तू त्याच्याखाली एकदाही टेकली नाहीस. दोन्ही दिवस माजघरात आणि समुद्रावर काढलेस.

तो बंद आहे. माणूस नाही तिथे मी पंखा लावत नाही. भाऊंना ती सूट होती, मला नाही. त्यांचं माणूस येणार नव्हतं. माझं ठाण्यात आहे, आणि दापोलीची गाडी रोज सुटते.

रातांबे पिकायला लागलेत. पात्यांवर अभ्रा चढवून कालच पुसून ठेवलीत. ये गं लवकर, म्हणजे ते बटण दाबता येईल.